दुसऱ्या रांगेचा अ‍ॅडमिरल

माउंट रॉस्किलच्या त्या घरात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नोकरी विचारली नाही, व्हिसा विचारला नाही, मासे खातेस का हेही विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाले, "बॅटलशिप कशाला म्हणतात?"

मी म्हटलं, "लढाईच्या जहाजाला."

"साफ चूक. लढाईची जहाजं ढीगभर प्रकारची असतात. बॅटलशिप त्यातली एकच जात. सगळ्यांत जाड चिलखत, सगळ्यांत मोठ्या तोफा, आणि आज जगातल्या एकाही आरमारात शिल्लक नाही. ये आत. पायातल्या जँडल्स बाहेर काढ."

मला खोलीची इतकी निकड होती की त्यांनी मलाच पाणबुडी म्हटलं असतं तरी मी आत गेले असते. ओटाहुहूच्या एका वृद्धाश्रमात मी केअरगिव्हर होते, नर्सिंगच्या नोंदणीचा कोर्स पुढ्यात होता, आणि आधीच्या घरात आम्ही सहा जणी एका बाथरूमवरून रोज भांडत होतो. हे २०१३ सालचं. त्या घरात मी चार वर्षं काढली. सगळे त्यांना काका म्हणत, तोंडावर मीही म्हणायचे. पाठीमागे मी आणि समोरच्या खोलीतला संदीप, जो कूरियरची व्हॅन चालवायचा, त्यांना अ‍ॅडमिरल म्हणायचो. गेल्या वर्षी काका गेले, तेव्हापासून हे नाव तोंडात येताना जरा अडखळायला होतं.

अ‍ॅडमिरल ते कधीच नव्हते. भारतीय नौदलात सिग्नलमन होते. जहाजावर झेंडे चढवायचे, उतरवायचे, रात्री दिव्याच्या उघडझापीने निरोप पाठवायचे, आलेला निरोप वाचून साहेबाच्या हातात द्यायचा. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांचे हुकूम पोचवले, स्वतःचा एकही दिला नाही. मग इथे येऊन पेनरोजच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवली. रॉस्किलमध्ये घर घ्यायला कुणी धजत नव्हतं तेव्हा हे घर घेतलं, आणि निवृत्त झाल्यावर एक पुस्तक लिहायला घेतलं. विषय असा, की बॅटलशिपांच्या ताफ्याचं सेनापतिपद कुणी, कसं आणि कुठे उभं राहून सांभाळलं. भारताकडे कधी बॅटलशिप नव्हती. ह्यांनी एकीवर पायही ठेवला नव्हता. मी हे एकदा बोलून दाखवलं तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

"कुठे उभं राहून" हे त्यांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. "सेनापती कुठे उभा होता तेवढं सांग," ते म्हणायचे, "मी लढाई सांगतो." जुना सेनापती उघड्यावर, वाऱ्यात उभा राहायचा, आणि त्याचा हुकूम म्हणजे दोरीवर चढलेले झेंडे. त्याच्याच जहाजाच्या धुरात ते झेंडे दिसेनासे व्हायचे, आणि मागची जहाजं अंदाजाने चालायची. ह्या प्रकरणाचं नाव त्यांनी 'धूर' ठेवलं होतं. मग बिनतारी संदेश आला आणि दूर राजधानीत टेबलाशी बसलेले लोक समुद्रातल्या माणसाला शहाणपण शिकवू लागले. ते प्रकरण 'टेबल'. त्यापुढे विमानवाहू जहाजं आली, अ‍ॅडमिरल आपला झेंडा घेऊन तिकडे राहायला गेले आणि बॅटलशिपा ओस पडल्या. त्या प्रकरणाला नाव सुचत नव्हतं. मी 'घर खाली करा' सुचवलं, तेही त्यांना आवडलं नाही.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण, रविवारी मी टायपिस्ट व्हायचे. स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी लॅपटॉप घेऊन बसायचे आणि काका ओट्यापासून लाँड्रीपर्यंत येरझारा घालत सांगायचे. लाँड्रीत पोचले की आवाज ऐकू यायचा नाही. "काय काका?" ओरडलं की चिडायचे. तोंडाने आरमार, हाताने मात्र काहीतरी उचलायचं, दुसरीकडे ठेवायचं. मीठ फ्रीजमध्ये सापडायचं. काकू ते परत जागेवर ठेवायच्या. मला वाटतं, त्या घरात कुठलीही वस्तू काकूंमुळेच जागेवर होती.

मागच्या अंगणात काकांनी एक खांब रोवला होता. त्यावर झेंडे. ते काकूंनीच ऑप शॉपमधल्या, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या, चादरी फाडून शिवलेले. निळापिवळा चढला की जेवण तयार, लाल चढला की बाथरूम रिकामी. शेजारच्या सामोअन बाईंनी कुंपणावरून एकदा इथल्या पद्धतीचा नमस्कार करत विचारलं, "किया ओरा! हा कुठल्या देशाचा?" काका म्हणाले, "लंच." त्या हसल्या आणि त्यानंतर निळापिवळा दिसला की अधूनमधून उकडलेला टारो, म्हणजे अळूचा कंद, घेऊन यायच्या.

कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला त्यांना पाठवणं ही चूक होती. गुजराती दुकानदाराला ते दर खेपेला सांगायचे, की ह्या एवढ्याशा देशाने एकेकाळी इंग्लंडला एक मोठं लढाऊ जहाज बांधून दिलं होतं, आणि त्याचा कप्तान लढाईच्या वेळी युनिफॉर्मवर माओरी लोकांनी भेट दिलेला वाखाचा घागरा घालायचा. दुकानदार दर खेपेला म्हणायचा, "बॅटलशिप होती ना?" आणि काका काउंटरवर हात आपटून म्हणायचे, "बॅटलक्रूझर! क्रूझर!" तो मुद्दाम म्हणायचा हे मला कळत होतं, त्यांना नव्हतं. दूध तासाभराने यायचं.

दर बुधवारी ते काकूंना मनुरेवाला घेऊन जायचे. तिथे त्यांची मुलगी राहायची, आणि नात, सहा वर्षांची मीरा. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. मुलगी कामावर असायची म्हणून शाळेनंतर मीराला स्विमिंगला न्यायचं काम काकूंचं. काकूंना गाडी येत नव्हती. निघायच्या वेळी काकांना एखाद्या सेनापतीबद्दल काही सुचलं की ते वहीत डोकं घालायचे आणि काकू पर्स खांद्याला लावून दारात उभ्या. "अहो" असं एकदाच म्हणायच्या. दुसऱ्यांदा नाही. मला त्या उभ्या राहण्याचा फार राग यायचा, आणि राग कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

एका संध्याकाळी जेवताना काका उभ्याउभ्याच म्हणाले, "ठरलं. घर विकायचं. आपण कोचीला जायचं."

संदीपचा घास हातात राहिला. कोचीत त्यांचं कुणीही नव्हतं. तरुणपणी सिग्नलचं शिक्षण तिथे झालं होतं, एवढाच संबंध. "बंदर दिसेल असा फ्लॅट घ्यायचा. नौदलाची लायब्ररी जवळ. पुस्तक वर्षात पुरं. इथे मला काही सुचत नाही, सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं." मग माझ्याकडे वळून, "कसं वाटतंय?"

मी म्हणाले, "छान आहे काका."

संदीपनेही इथल्या बोलीत होकार भरला, "स्वीट अ‍ॅज, काका."

काकू तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या, "बरं."

आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी 'कसं वाटतंय' विचारलं की 'छान' म्हणायचं असतं, हे आम्ही पुण्या-साताऱ्याहून बरोबर घेऊनच आलो होतो. वृद्धाश्रमात माझी मॅनेजर मला सारखी सांगायची, "तुला पटलं नसेल तर बोल ना, तू नुसतं येस येस करतेस." तिथेही मी 'येस' म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत गेले तर काकू ड्रायरसमोरच्या स्टुलावर बसून होत्या. मांडीवर मीराचे टॉग्ज, तिचा पोहायचा पोशाख. तो सुकला होता तरी त्या हातांनी सारखा सरळ करत होत्या.

"मल्याळम येत नाही मला," त्या म्हणाल्या. "इंग्रजीही दुकानापुरतं. तिथे मी कुणाशी बोलायचं गं? आणि ही मीरा मला व्हिडिओवर दिसणार. दोन मिनिटं दिसेल, मग पळेल खेळायला."

"काकू, मग सांगा ना त्यांना."

"तू नको सांगूस हं. पुस्तक आहे त्यांचं."

आणि मी सांगितलं नाही. परीक्षा तोंडावर होती, नवी खोली शोधायची होती, ही कारणं खरीच होती. पण मुख्य कारण हे, की मला त्यांची भीती वाटायची. माझी लाज वाटते मला, पण तसंच होतं.

फुटपाथलगतच्या गवतात एजंटचा बोर्ड उभा राहिला. तीन आठवड्यांनी लिलाव, इथे घरं अशीच विकतात. काकूंनी भिंती पुसल्या, पडदे धुतले, दुसऱ्याच्या हाती जाणारं घर लखलखीत केलं. अंगणातला खांब एजंट बाईंनी काढायला लावला. ओपन होमच्या, म्हणजे गिऱ्हाइकं घर बघायला यायच्या, आधी दोन दिवस घरात फोडणी द्यायची नाही असंही त्यांनी गोड बोलून सांगितलं. काकू दोन दिवस उकडलेल्या भाज्या वाढत होत्या.

ओपन होम रविवारी, बारा ते साडेबारा. मालकांनी घरात थांबायचं नाही, असा इथला रिवाज. म्हणून काका, काकू आणि मी गाडीत बसून रस्त्याच्या टोकाला थांबलो. काका स्टिअरिंगवर, काकू शेजारी, मी मागे. समोर आमच्या दारातून अनोळखी माणसं आत-बाहेर करत होती. गाडीत येरझारा घालता येत नव्हत्या, त्यामुळे काका कधी वायपर चालू करत होते, कधी काच वरखाली.

"लॅपटॉप उघड," ते म्हणाले. "अर्धा तास फुकट कशाला घालवायचा? तेच प्रकरण घेऊ."

तेच म्हणजे वर्षभर अडलेलं प्रकरण. त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. स्वच्छ दुपार, शांत समुद्र, शत्रूचा पत्ता नाही. इंग्रजांचा ताफा दोन रांगांत शेजारी शेजारी चाललेला. एका रांगेच्या पुढे सेनापती, दुसऱ्या रांगेच्या पुढे त्याच्या हाताखालचा अ‍ॅडमिरल. सेनापतीने झेंडे चढवले, की दोन्ही रांगांनी एकमेकींच्या दिशेने, आतल्या बाजूला वळायचं. मधलं अंतर वळायला पुरत नव्हतं. त्याच्याच जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी ते त्याला सुचवून पाहिलं. त्याने ऐकलं नाही.

"आता लिही. झेंडे दिसले की दुसऱ्या जहाजाने उत्तराचा झेंडा लावायचा. पूर्ण वर नेला तर कळलं, तयार आहे. अर्ध्यावर ठेवला तर दिसलं, पण कळलं नाही. दुसऱ्या अ‍ॅडमिरलने तो अर्ध्यावर ठेवला. कारण त्याला दिसत होतं! मग सेनापतीने सगळ्या ताफ्यासमोर त्याला विचारलं, कशाची वाट बघतोयस? झालं. त्याने झेंडा वर नेला. सेनापतीने आपले झेंडे खाली ओढले. खाली आले की हुकूम सुरू. दोन्ही जहाजं वळली, दुसऱ्याने पहिल्याच्या पोटात धडक दिली. सेनापती शेकडो माणसांसकट बुडाला."

काकांनी वायपर बंद केला.

"आणि नंतर कोर्टापुढे हा दुसऱ्या रांगेचा अ‍ॅडमिरल काय म्हणाला? म्हणे, मला वाटलं, सेनापतींच्या मनात काहीतरी वेगळी योजना असेल. खोटारडा! जन्म समुद्रावर काढलेला माणूस. धडधडीत समोर दिसतंय आणि म्हणे योजना असेल. लिही, ही निव्वळ सबब होती."

मी लिहिलं.

"सबब कशाला असेल?" काकू म्हणाल्या. त्या समोर घराकडेच बघत होत्या. "वाटतं तसं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"जहाजातलं नाही कळत. पण तुम्ही कोचीचं बोललात तेव्हा मला तसंच वाटलं. मला दिसत होतं ना, मीरा इथे, मुलगी इथे, माझ्या गुडघ्यांचे डॉक्टर इथे. पण वाटलं, ह्यांनी सगळा विचार केला असेल. मला दिसत नाही असं काहीतरी ह्यांना दिसत असेल. म्हणून बरं म्हटलं. विशाखापट्टणमला गेलो तेव्हा तसंच. इकडे आलो तेव्हाही तसंच." मग त्यांनी मान वळवली. "होतं का हो काही तुमच्या मनात?"

काकांनी काच खाली केली, पुन्हा वर केली. आमच्या कुंपणाशी एक तरुण जोडपं पावलं टाकून अंगण मोजत होतं.

"तेव्हाच का नाही बोललीस?" काका शेवटी म्हणाले.

"तुम्ही विचारलंत?"

"हिला विचारलं होतं मी." त्यांनी अंगठा मागे केला. "ही छान म्हणाली."

"मी खोटं बोलले काका," मी म्हणाले. "मला अजिबात छान वाटलं नव्हतं. संदीपलाही नाही." एवढं साधं वाक्य बोलायला मला इतके दिवस लागले.

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग काकूंना म्हणाले, "बरं, आता विचारतो. तुला काय हवंय?"

"तुम्ही म्हणाल तसं," काकू म्हणाल्या, आणि स्वतःवरच चिडल्यासारखं त्यांनी डोकं हलवलं. "नाही. थांबा जरा." त्यांनी मांडीवरची पर्स खाली ठेवली. "मला गाडी शिकायचीय."

"गाडी?"

"हो, गाडी. तुम्हाला अ‍ॅडमिरल सुचतात आणि तिकडे मीराचा क्लास सुरू होतो. पोर टॉग्ज घालून शाळेच्या पायरीवर बसते. मला इथेच राहायचंय आणि मला गाडी शिकायचीय."

काका उतरले. रस्ता ओलांडून थेट घरात शिरले, बूट न काढता. पाच मिनिटांनी लोक बाहेर पडू लागले, पाठोपाठ एजंट बाई, फोन कानाला लावून. विक्री रद्द करताना पुढे बरीच पत्रापत्री झाली, ती मुलीने निस्तरली. काका गाडीत परत आले आणि मला म्हणाले, "ते सबबीचं वाक्य काढून टाक." मी काढलं. त्या जागी दुसरं वाक्य त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते प्रकरण माझ्या लॅपटॉपवर अजून तिथेच थांबलेलं आहे.

काकूंची लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात झाली. गाडीला पिवळी एल पाटी लागली. शिकवण्याचा मान अर्थात काकांनी घेतला आणि आठवड्यात तो संदीपकडे गेला, कारण काका शेजारी बसून "डावीकडे! आत्ता! आत्ता!" असं ओरडायचे आणि काकू गाडी तिथेच बंद करून हात मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांची ही नवी तऱ्हा मला फार आवडली. एकटीने चालवायचं लायसन्स मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. त्यातल्या परीक्षेत त्या एकदा नापास झाल्या, घरी येऊन खूप रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फॉर्म भरला.

लायसन्स मिळाल्यानंतरचा पहिला बुधवार. माझी सकाळची शिफ्ट होती, दुपारी मी घरी होते, संदीप रात्रीपर्यंत कामावर. काका-काकू मनुरेवाला निघाले, गाडी काकूंच्या हातात. वीस मिनिटांत काका एकटेच चालत परत आले, घामाघूम.

"काय झालं?"

"मोटरवेला लागायच्या आधी तिनं गाडी कडेला घेतली. म्हणाली, उतरा."

"आणि तुम्ही उतरलात?"

"मग काय करू?" ते म्हणाले. "गाडी तिच्या हातात."

मला हसू आवरेना. त्यांना नाही आलं. दुपारभर ते घरातून अंगणात आणि अंगणातून गेटपर्यंत करत होते. सहाच्या सुमाराला फोन वाजला. स्पीकरवर मीरा ओरडत होती, "आबा! आजी ड्रोव्ह ऑल द वे! बाय हरसेल्फ! अँड शी इज स्टेइंग ओव्हर!"

"स्टेइंग? आजीला दे."

"आजी सेज, ट्रॅफिक आहे, टुमॉरो. बाय आबा!"

फोन ठेवून काका ओट्याला टेकून उभे राहिले. चेहरा असा उतरलेला मी आधी पाहिला नव्हता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "येतील उद्या."

"त्या दिवशी गाडीत तिनं मला विचारलं होतं," ते म्हणाले. "माझ्या मनात काही होतं का. मी बोललो नाही."

"हो."

"होतं." ते जमिनीकडे बघत होते. "लायब्ररीचं आपलं उगीच. इथे तिची मुलगी, नात, शेजारीण, तू. तिला माझ्यावाचून चालायला लागलं होतं, ते मला दिसत होतं. कोचीला तिला माझ्याशिवाय कुणी नसतं."

मला त्यांचा इतका संताप आला की ओट्यावरचं पातेलं आपटावंसं वाटलं. एका बाईला तिच्या माणसांतून उचलून नेणार होते, आणि कशासाठी? आणि हे सांगणारा म्हातारा माझ्यासमोर असा उभा होता की त्याला एकटं टाकून खोलीत जाववेना.

"हे मला कशाला सांगताय?" मी म्हणाले. "काकूंना सांगा."

त्यांनी फोन उचलला, नंबर लावला. ह्या वेळी स्पीकर लावला नाही. पलीकडे काकू आल्या असाव्यात. काका दोनदा "हॅलो" म्हणाले, मग "नाही, काही काम नाही" म्हणाले. मग "जेवतो" म्हणाले. मला वाटलं, आता ठेवतील. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि माझ्याकडे पाठ केली.

"उद्या येशील ना?" त्यांनी विचारलं.

काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मी दोघांपुरते तांदूळ धुवायला घेतले.